वरच्या शेतातली शिवराई

निवृत्त होऊन तीन आठवडे झाले होते. डिशवॉशरमध्ये ताटं कोणत्या बाजूला तोंड करून लावावीत, यावर मी बायकोला माझं मत सांगत होतो. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, डिशवॉशरचं दार गुडघ्याने लावलं आणि म्हणाली, "अहो, लॉफ्टमधलं ते मशीन खाली काढा. जा कुठल्यातरी शेतात आणि खणत बसा. माझं डोकं खणू नका."

मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. एका काठीच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी तबकडी असते. ती जमिनीलगत डावीकडून उजवीकडे झुलवत चालायचं. खाली धातू असेल तर हेडफोनमध्ये कुईं असा आवाज येतो, मग गुडघ्यावर बसून खणायचं. बहुतेक वेळा बिअरच्या डब्याची कडी निघते, नाहीतर बंदुकीच्या काडतुसाचं पितळी बूड. क्वचित एखादं जुनं बटण. आणि फारच नशीब असेल तर कुणा राजाराणीचा झिजलेला चेहरा. इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्सच्या आसपासच्या शेतांमध्ये रविवारी सकाळी एकाच वयाचे, एकाच रंगाची जॅकेटं घातलेले पुरुष मान खाली घालून असे फिरत असतात, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, या सगळ्यांना बायकांनी एकाच दिवशी घराबाहेर काढलं आहे. ते बरंचसं खरंही आहे.

हा छंद मी सहा वर्षांपूर्वी सोडला. सोडला म्हणजे सोडावा लागला. त्याची हकीकत आमच्या भागात बऱ्याच जणांना माहीत आहे, पण ती त्यांना दुसऱ्या बाजूने कळलेली आहे. ही माझी बाजू.

मला एक मित्र होता. पोस्टमन. माझा धंदा वापरलेल्या किचन-सामानाचा. बंद पडलेल्या रेस्टॉरंटचे फ्रायर, फ्रिज, स्टीलची टेबलं उचलायची आणि नवीन रेस्टॉरंट उघडणाऱ्याला विकायची. बऱ्याचदा नवीन माणूस त्याच जागेत उघडत असे, त्यामुळे वाहतुकीचाही प्रश्न येत नसे. हा पोस्टमन माझ्या गोडाऊनवर टपाल टाकायला यायचा, आल्याचा चहा प्यायचा आणि खिशातून एखादं हिरवट पडलेलं नाणं काढून टेबलावर ठेवायचा. मी ते उचलून बघायचो आणि म्हणायचो, "याला कोण विचारतो?" तो म्हणायचा, "कुणीच नाही. म्हणून तर मला मिळालं." दोन-तीन वर्षं हे असं चाललं, आणि एका वसंतात मीही मशीन घेतलं. विकणाऱ्याने हेडफोन फुकट दिले, बॅटरी फुकट दिल्या, आणि दुकानाचं शटर खाली ओढता ओढता एक खुरपंही दिलं. मला वाटतं, मी जावं म्हणून.

शेत मित्राने मिळवलेलं होतं. इथे कुणाच्याही शेतात मशीन घेऊन शिरता येत नाही, मालकाची परवानगी लागते, आणि तिला चिकाटी लागते. शेतकरी मितभाषी होता. त्याच्या तीन अटी. खणलेला खड्डा बुजवायचा. सापडेल ते त्याला दाखवायचं. गेट बंद करायचं. बस. परवानगी दोघांना मिळून होती, पण एकाच शेतात दोन मशीनं जवळ आली की एकमेकांना ओरडायला लागतात, म्हणून आम्ही शेत वाटून घ्यायचं ठरवलं. वरचा अर्धा भाग कोरडा, गेटला लागून, गाडीपासून चार पावलं. खालचा अर्धा ओढ्याकाठचा, बुटात पाणी शिरणारा.

मित्र म्हणाला, "नाणं उडवू या."

मी म्हणालो, "नशिबावर कशाला सोडायचं? आपण बोलून ठरवू."

आम्ही दोन तास बोललो. खरं म्हणजे मी बोललो. शेवटी वरचं शेत माझं झालं, आणि बदल्यात दर रविवारी दुपारचे बटाटेवडे मी आणायचे असं ठरलं. वडे बायको करत असल्यामुळे हा सौदा मला फारच सोयीचा पडला.

पुढच्या तीन वर्षांत खालच्या चिखलात मित्राला चांदीचा पेनी सापडला, पितळी बक्कल सापडलं, शिवताना बोटात घालायचं एका मुलीचं अंगुस्तान सापडलं. मला वरच्या कोरड्या शेतात ट्रॅक्टरचे इतके सुटे भाग सापडले, की शेतकरी म्हणाला, अजून एक हंगाम असाच गेला तर ट्रॅक्टर पूर्ण होईल. पण मी वरचं शेत सोडलं नाही. भांडून मिळवलेली गोष्ट नुसती तोट्याची आहे म्हणून कुणी सोडतं का?

मग आला तो नोव्हेंबर. पुतण्याचं लग्न होतं सांगलीला, सोमवारी पहाटेचं विमान. आदल्या रविवारी मी शेतातून लवकर निघालो, बॅगा भरायच्या होत्या. मित्र खाली ओढ्याकाठी थांबला. तीन आठवड्यांनी आम्ही परत आलो, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो दारात हजर.

"तुला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "तू गेलास त्याच दुपारी वरच्या शेतात मला..."

"वरच्या शेतात?"

"हो, म्हणजे त्याचं असं झालं..."

"माझ्या शेतात? त्याच दुपारी? माझी गाडी हमरस्त्याला लागली तरी होती का?"

पुढे तो काय बोलला ते मला माहीत नाही, कारण मी दार लावलं होतं. बाहेरून पुटपुटणं ऐकू येत होतं, म्हणून हॉलचा दिवाही घालवला.

आठवडाभरात स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला माझा मित्र, मध्ये त्याचा तळहात आणि त्यावर एक ठिपका. मथळा होता, कंपनी सरकारच्या काळातलं हिंदुस्थानी नाणं इंग्लंडच्या शेतात. पुढचं मी वाचलंच नाही. तराजूचं चित्र असलेले कंपनी सरकारचे तांब्याचे पैसे लहानपणी आमच्याकडे भंगारवाल्याच्या पोत्यात वाटेल तितके असत. अशा एका पैशासाठी या माणसाने शब्द मोडला! माझ्या अर्ध्यात सापडलेलं ते माझं, एवढा साधा हिशोब. मी पेपर चार ठिकाणी फाडला आणि रिसायकलिंगच्या डब्यात टाकला. पुढे कळलं की शेतकऱ्याने ते नाणं गावच्या छोट्या म्युझियमला दिलं, जुन्या चॅपलमधल्या, आणि तिथे कार्डावर शोधणाऱ्याचं नाव म्हणून माझ्या मित्राचं नाव लागलं. मी त्या म्युझियमच्या रस्त्याने जाणंही बंद केलं. दोन राउंडअबाउट जास्त पडायचे.

त्याच महिन्यात दुसरी एक गोष्ट झाली. तिचा या प्रकरणाशी काही संबंध आहे असं मला सहा वर्षं वाटलं नाही.

माझ्याकडे एक शिवराई होती. तांब्याची, जाड, वेडीवाकडी गोल, एका बाजूला अर्धं पुसलेलं 'छत्र', खाली 'पति'. अकरा वर्षांचा असताना आठवडी बाजारात मी ती एका भंगारवाल्याकडून घेतली. बदल्यात एक कुलूप दिलं. किल्ली कुठे आहे असं त्याने विचारलं, तर मी म्हणालो, घरी आहे, पुढच्या बाजाराला आणतो. तो अजून वाट बघत असेल. घरी येऊन मी वडिलांच्या कानशीने तिची कड घासली, आत सोनं आहे का बघायला. सोनं नव्हतं. पण कडेला नखाएवढी सपाट खाच राहिली. माझा आयुष्यातला पहिला सौदा तो. तेव्हापासून ती पँटच्या उजव्या खिशात. गोडाऊन घेताना, पहिली व्हॅन घेताना, बँकेच्या मॅनेजरसमोर बसताना मी खिशात हात घालून त्या खाचेवरून अंगठा फिरवत असे. हे कुणाला सांगितलं नाही, पोस्टमनलाही नाही. आपल्या खिशात काय आहे हे बाजारात दाखवायचं नसतं. माहीत होतं फक्त बायकोला, कारण वॉशिंग मशीनच्या रबरात अडकलेली शिवराई तिने किती वेळा काढली असेल, याची गणती नाही.

सांगलीहून परत आल्यावर ती शिवराई मला कुठेच सापडली नाही. जाण्याआधी बायकोने माझं एक जुनं जॅकेट चॅरिटी शॉपला दिलं होतं. मी जे म्हणायचं ते म्हणालो.

"जॅकेटचे खिसे मी तीनदा तपासले होते," ती म्हणाली.

"मग गेली कुठे? पाय फुटले तिला?"

"तुम्हालाच माहीत."

त्यानंतर घरात कोणतीही वस्तू सापडेनाशी झाली, चष्मा असो की बागेची किल्ली, मी म्हणायचो, "चॅरिटी शॉपला गेली असेल." सहा वर्षं म्हणायचो. ती काही बोलायची नाही. तिचं न बोलणं म्हणजे मान्य करणं, असा मी अर्थ घेतला होता. लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या माणसाने इतकी मोठी चूक करायला नको होती.

तर मशीन खाली काढलं. बॅटऱ्या फुटून आत मीठ फुटल्यासारखं झालं होतं, ते व्हिनेगरने घासलं, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, गहू कापून झाल्यावर, शेतकऱ्याकडे गेलो. धसकटं उभी असतात आणि पेरणी व्हायची असते, ते दोन-तीन आठवडे या छंदाचे दिवस. शेतकरी चारचाकी मोटारसायकलवर बसून कुत्र्याशी बोलत होता. मी म्हणालो, वरचं शेत पुन्हा सुरू करायचं आहे.

"ते आता तो बघतो," शेतकरी म्हणाला.

"पण परवानगी मलाही होती."

"दोघांना होती. एकट्याला नव्हती. त्याला विचार." आणि कुत्र्याला म्हणाला, "चल."

म्हणजे माझ्याच शेतात जायला मी त्याची परवानगी मागायची! मी गाडीत बसून पंधरा मिनिटं स्टिअरिंगशी भांडलो. मग त्याच्या घरी गेलो, कारण पेरणी माझ्या रागासाठी थांबणार नव्हती.

दार उघडायला त्याला वेळ लागला. हातात काठी होती, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. घरात एकच कप धुऊन उपडा ठेवलेला दिसत होता. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली हे मला तेव्हाच कळलं होतं. मी अंत्यविधीला गेलो नव्हतो. माझ्या बायकोने एकटीने जाऊन फुलं दिली होती आणि घरी येऊन दोन दिवस माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली होती.

"मशीन काढलंस?" तो म्हणाला.

"काढलं."

"सहा वर्षं लागली."

"शब्द तू मोडलास."

"हे बघ," तो म्हणाला, "शनिवारी म्युझियममध्ये माझं भाषण आहे. त्या नाण्यावर. तू ये आणि ऐक. रविवारी शेतात जाऊ. हा माझा भाव. एकच."

एकच भाव सांगणाऱ्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. मी हो म्हणालो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "मीही येते. चहा-केक असतो तिथे." तिने निळी साडी काढली. चॅपलमधल्या म्युझियमला साडी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही भांडाल तेव्हा मी तरी बरी दिसायला हवी."

म्युझियम म्हणजे एकच मोठी खोली. लोण्याचं जुनं यंत्र, मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्र्या, एका पाद्र्याचं टोपीचं खोकं आणि मधोमध, एकटंच, काचेच्या पेटीत, मखमलीवर ते नाणं. वर छोटासा दिवा. आमच्या गावच्या देवीलासुद्धा इतका नीट दिवा नव्हता. भाषणाला पंचवीसेक म्हातारी माणसं होती आणि म्युझियमच्या बाई होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या, प्रत्येकाला खुर्ची दाखवणाऱ्या. भाषण सुरू व्हायला वेळ होता. मी ठरवलं होतं की पेटीकडे बघायचं नाही. बायको मात्र सरळ तिकडे गेली, वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग तिने मागे न बघता मला बोटाने खूण केली. पाल दिसली की ती तशी खूण करते.

मी गेलो.

कंपनी सरकारचा पैसा नव्हता तो. तराजू नव्हता. अर्धं पुसलेलं 'छत्र' होतं, खाली 'पति' होतं, आणि कडेला नखाएवढी सपाट खाच होती. माझा उजवा अंगठा आपोआप हलला.

बायको काचेवर डोकं टेकवून अगदी हळू म्हणाली, "चॅरिटी शॉपवाल्यांनी शेतात नेऊन पुरली वाटतं."

मला उत्तर सुचलं नाही. धंद्याच्या इतक्या वर्षांत असं दोनदाच झालं आहे, आणि पहिल्यांदा समोर इन्कम टॅक्सवाला होता.

खाली कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं की हे नाणं मराठ्यांच्या मुलुखातलं आहे, कंपनीच्या फौजेतून परतलेल्या एखाद्या सैनिकाने ते आठवण म्हणून आणलं असावं, आणि कडेची खाच मुद्दाम केलेली दिसते, धातूची पारख करणाऱ्या एखाद्या चतुर व्यापाऱ्याने ती केली असावी. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. बाई अभ्यासू होत्या यात शंका नाही.

भाषण सुरू झालं. मित्र पुढे काठीवर रेलून उभा राहिला. शर्टाच्या कॉलरची एकच बाजू इस्त्री केलेली होती. त्याने सैनिक उभा केला. फार छान उभा केला. लंगडणारा, उन्हाने रापलेला, बरीच वर्षं लढून गावी परतणारा, पावसात वरच्या शेतातून आईच्या घराकडे निघालेला. गेटपाशी तो थांबतो, खिशातून रुमाल काढतो, आणि नाणं पडतं. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. माझ्या डोक्यात रक्त चढत होतं. माझं नाणं! माझा पहिला सौदा! आणि एका न झालेल्या सैनिकाच्या आईसाठी ही बाई रडते आहे! मी मनात वाक्यं जुळवून ठेवली: शिवराई माझी, खाच माझी, साक्षीदार निळ्या साडीत बसली आहे. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, प्रश्न आहेत का असं बाईंनी विचारलं, आणि मी उभा राहिलो.

"अहो, बसा," बायको म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. मित्राने माझ्याकडे बघितलं. त्याने काठीवरचा हात बदलला. त्या घरातला एकच उपडा कप मला उगाचच आठवला. उभं तर राहिलो होतो, काहीतरी विचारायलाच हवं होतं.

"किती खोल होतं?" मी विचारलं.

"फार नाही," तो म्हणाला. "नांगराने वस्तू वर येतात."

"किती?"

"एक इंच. कदाचित तेवढंही नाही."

"थँक यू," मी म्हणालो आणि बसलो.

चहाच्या वेळी तो कप घेऊन आमच्याजवळ येऊन बसला. बायको केक खात होती आणि काहीच ऐकत नसल्यासारखी दिसत होती.

"गेटच्या आत, चाकाच्या ठशात होतं," तो म्हणाला.

"कुणाच्या चाकाच्या?"

"तुझ्या." त्याने चहा ढवळला. "तू किल्ली काढताना पडलं असणार, असं मला त्याच दिवशी वाटलं. शेतकऱ्याला दाखवावं तर लागतं. त्याला म्हणालो, मित्राला विचारतो आधी. तू येईपर्यंत त्याने बाईंना सांगितलं, बाईंनी पेपरला. तू आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नाणं खिशात घालून तुझ्या दारात उभा होतो. विचारायला, की बाबा, हे तुझं आहे का. तू 'वरच्या शेतात' एवढ्यावर दार लावलंस. मग मी टपालाच्या फटीतून बोललो. आयुष्यभर अशा फटींतून कागद टाकले, बोलायची ती पहिलीच वेळ. तू दिवा घालवलास."

"मग नंतर सांगायचं!"

"मला वाटलं, तुझं नसणार. तुझं असतं तर तू मागितलं असतंस. तू काय मागायचं सोडतोस?"

बायकोला ठसका लागला. केक कोरडा होता म्हणाली.

"पण माझ्या अर्ध्यात गेलास कशाला?" मी विचारलं. हा मुद्दा सोडणं मला शक्य नव्हतं.

"गेट उघडं होतं. तू उघडं टाकून गेलास. पलीकडे मेंढ्या होत्या. मी लावायला गेलो."

बायकोने केकचा एक तुकडा उचलून माझ्या बशीत ठेवला.

"सोमवारी बाईंना सांगतो," तो म्हणाला. "सगळं. तू नाणं घेऊन जा. सैनिकाचं काय, तो काही विचारायला येणार नाही." हे बोलताना त्याने खोलीभर एकदा नजर फिरवली. दोन म्हाताऱ्या पेटीपाशी वाकून एकमेकींना खाच दाखवत होत्या. त्याला महिन्यातून एकदा इथे बोलायला बोलावतात, हे त्याने सांगितलं नाही, भिंतीवरच्या कागदावर लिहिलेलं होतं.

मी खिशात हात घातला. तिथे गाडीची किल्ली होती. समोरच्याचा पहिला भाव स्वीकारायचा नाही, हा माझा नियम आहे. तो मी सख्ख्या भावाशीही मोडलेला नाही, याच्या दारात त्या दिवशी मोडला तेवढा एकदाच.

"नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे?"

"नाणं इथेच राहील. कार्ड बदलायचं."

मग बाईंना बोलावलं. मी म्हणालो, मी त्याच मुलुखातला आहे, या नाण्याबद्दल मला थोडं कळतं, कार्डात चुका आहेत. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वही काढली. अशी माणसं मला आवडतात. सैनिक काढा, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, सैनिक लोकांना फार आवडतो. मी म्हणालो, खाच व्यापाऱ्याने केली असं तुम्हीच लिहिलं आहे, मग नाणं सैनिकाकडे गेलं कसं? व्यापाऱ्यानेच आणलं. त्यांनी विचार केला आणि व्यापारी लिहिलं. 'चतुर' तसाच ठेवा म्हणालो, तो त्यांनी ठेवला. काळ कोणता घालायचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काळ घालू नका, खात्री नसताना कशाला? त्या म्हणाल्या, म्युझियममध्ये काळ लागतो. मी म्हणालो, खोटा काळ घालण्यापेक्षा मोकळी जागा बरी. यावर अर्धा तास गेला. मित्र मध्येच म्हणाला, "याच्याशी वाद घालू नका, मी एकदा शेत घालवलं आहे." काळ गेला. 'आठवण म्हणून' हेही मी काढायला लावलं. धंद्याचं नाणं होतं ते, आठवणीचं नव्हतं.

बाईंनी पेन थांबवलं. "तुम्ही असे भांडताय, जसं काही ते तुमचंच नाणं आहे," त्या म्हणाल्या.

मित्राने कपात बघितलं. मी छताकडे बघितलं. तेव्हा बायकोने केकची बशी खाली ठेवली आणि इंग्रजीत, अगदी स्वच्छ, म्हणाली, "एक ओळ माझी घाला."

"कोणती?" बाईंनी विचारलं.

"ते नाणं त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे हरवलं."

"हे आपल्याला कसं माहीत?"

"त्याने बायकोवर आळ घेतला असणार," बायको म्हणाली. "असे व्यापारी घेतात."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता ती ओळ लिहिली. मी विरोध करायला तोंड उघडलं होतं, पण बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की त्या एका नजरेत सहा वर्षांचे सगळे चष्मे आणि बागेच्या किल्ल्या होत्या. ती ओळ मी विनाअट मान्य केली. माझ्या आयुष्यात मी घासाघीस न करता दिलेली ही एकमेव गोष्ट.

नवीन कार्ड आता तिथे लागलं आहे. दख्खनच्या एका चतुर व्यापाऱ्याने हे नाणं इथे आणलं, त्यानेच त्याची कड घासली, आणि वरच्या शेतात ते त्याच्या निष्काळजीपणामुळे हरवलं. त्यात एकही खोटा शब्द नाही. मित्राच्या भाषणातून सैनिक गेला आणि एक तापट व्यापारी आला, तो लोकांना जास्त आवडतो म्हणे, हसतात फार. बायको आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी तिथे नेते. शेवटची ओळ ती मोठ्याने वाचून दाखवते आणि मराठीत समजावूनही सांगते, पाहुण्यांना इंग्रजी येत असलं तरी.

रविवारी आम्ही शेतात जातो. मित्राला खुब्यामुळे वाकता येत नाही, म्हणून तो खालच्या भागात घडीच्या खुर्चीवर बसतो आणि काठीने दाखवतो तिथे मी खणतो. त्यामुळे त्याचं शेत मीच खणतो आणि सापडलेलं त्याचं होतं. हे कसं ठरलं ते मला नीट आठवत नाही. माझं लक्ष नसताना ठरलं असावं. वडे बायको अजून करते, पण आता ते थेट त्याच्या हातात देते.

गेट मी लावतो. दरवेळी दोनदा हलवून बघतो. आणि ते हलवताना दरवेळी एक गोष्ट डोक्यात येते. तो गेट लावायला गेला, हे मान्य. मेंढ्या होत्या, मान्य. पण गेट लावायला जाणाऱ्या माणसाने मशीन बंद करून जायला काय हरकत होती? हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. आधी वडे संपू देत.